वाचणाऱ्याला भुवया नसतात

दादा,

तुमच्या नातीच्या लग्नाची पत्रिका गेल्या आठवड्यात छापून आली आणि तिच्यात चुका आहेत. तुम्ही असतात तर एवढं ऐकल्यावर पुढचं काही सांगायची वेळच आली नसती. तुम्ही हात पुढे केला असता, शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढलं असतं आणि 'बघू' म्हणाला असतात. लग्न कुणाशी, कुठे, मुलगा करतो काय, हे सगळं नंतर. आता तुम्हाला नंतरचंच आधी ऐकावं लागेल, कारण पत्रिका मी तुमच्या हातात देऊ शकत नाही, आणि दिली असती की नाही हेही मला नक्की ठाऊक नाही.

तुम्ही होतात तेव्हा चूक करायलासुद्धा खटाटोप लागायचा. पेंटर गाठायचा, नाहीतर छापखान्यात खेपा घालायच्या. आता ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे, आणि आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून अशुद्ध लेखनाचा रतीब सुरू होतो. टाकी धुण्याची सूचना, कुणाला तरी वाढदिवसाच्या 'हार्दीक' शुभेच्छा, आणि कुणी गेलं की 'भावपुर्ण' श्रद्धांजली. माणूस गेल्याचं दुःख बाजूला राहतं आणि माझा जीव त्या उकारात अडकतो. नाक्यावर पुढाऱ्यांचे फलक लागतात. त्यांत सगळ्यांची डोकी आठवणीनं लावलेली असतात, अक्षरं तेवढी चुकलेली. तुमचे जावई म्हणतात, 'तुझं बीपी गोळ्यांनी उतरणार नाही, तू वाचणं सोड.' सोडता येत नाही. हा रोग तुमच्याकडून आला आहे आणि त्याला उतारा नाही.

लेकीवर तर मी उठसूट घसरते. ती म्हणते, "आई, मला पार्सल भेटलं." मी म्हणते, पार्सल मिळतं, भेटतात ती माणसं. ती म्हणते, "भेटलं ना पण? मग झालं तर." एकदा तिनं मला फोनवर मराठीत लांबलचक निरोप लिहिला होता, आणि मी उत्तरादाखल त्यातले पाच-सहा शब्द सुधारून पाठवले. तेव्हापासून मला तिचे निरोप इंग्रजीत येतात. तेही 'रीच्ड' आणि 'ओके' एवढेच.

तिला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "मराठी कुठे शिकेल?" मी म्हटलं, घरी. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "घरी बोलायला शिकेल." त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात, आणि ते वाक्य माझ्याकडे तसंच राहिलं.

मुलगा अंधेरीचा आहे. मरोळच्या जुन्या गावठाणातलं मराठी बोलणारं ख्रिस्ती कुटुंब. चर्चमध्ये एक सोहळा आणि मुलुंडला एक, असं ठरलं. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, यावर आईच्या माहेरची माणसं आपापली मतं देऊन गेली. मी कुणालाच हो-नाही केलं नाही. अडचण आली ती पत्रिकेची. बाजारात तयार मजकूर मिळतो तो एक तर गणपतीपासून सुरू होतो, नाहीतर बायबलच्या वचनापासून. इंग्रजीत छापून मोकळं व्हावं, तर मुलाची आजी मराठीशिवाय काही वाचत नाही आणि आपली मालवणची माणसंही नाहीत. तेव्हा तुमची नात म्हणाली, "मी लिहिते."

आणि लिहिलंन. एका रविवारी सकाळी कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "वाच. पण आधीच सांगते, एक अक्षर जरी सुधारलंस ना, तर सरळ इंग्लिशमध्ये छापणार. खरंच हां. मग मला बोलायचं नाही."

मी वाचलं. दादा, काय सांगू. दुसऱ्या ओळीपासून माझा हात आपोआप पेन शोधायला लागला. वेलांट्या उलट्यासुलट्या, अनुस्वार हवे तिथे नाहीत, नको तिथे आहेत, आणि मधूनच सरळ हिंदीतून उचललेली वाक्यं. पण त्यात हेही होतं: 'आमच्या दोन घरांत देव वेगळे आहेत, पण रविवारी मासे दोन्हीकडे असतात.' हे मला आयुष्यात सुचलं नसतं. सगळ्या वेलांट्या जागच्या जागी ठेवून बँकेत हजारो पत्रं लिहिली मी, पण असं एक वाक्य माझ्या हातून उतरलं नाही.

मी कागद घडी करून ठेवला आणि म्हटलं, छान आहे. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "नाही आवडलं तुला."

त्या आठवड्यात मी फार वाईट माणूस होते. सुधारावं तर पोरीच्या हातची मराठी पुन्हा कधी बघायला मिळणार नाही. न सुधारावं तर प्रूफवाल्यांच्या नातीची पत्रिका असल्या अवतारात गावभर फिरणार. भाजीत मीठ दोनदा घातलं. तुमच्या जावयांनी मुकाट्यानं खाल्ली, त्यावरून त्यांना सगळं कळलं आहे हे मला कळलं.

तुमचं खरं पद मुद्रितशोधक. आपल्या इमारतीत तो शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून 'प्रूफवाले'. घाटकोपरच्या छापखान्यातून तुम्ही शनिवारी कापडी पिशवीत मुद्रितं घेऊन येता, आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आपली बैठक बसते. आत आई बांगडे साफ करते आहे. तुमच्या मांडीवर छापील कागद, माझ्या हातात लेखकाची मूळ प्रत. मी मोठ्यानं वाचायचं, तुम्ही छापलेल्यावर नजर ठेवायची, दोन्हींत फरक दिसला की लाल खूण. मी शब्दांबरोबर चिन्हंही वाचते. 'ती उठली स्वल्पविराम दार उघडलं आणि पूर्णविराम.' शंकेची जागा आली की पहिली वेलांटी, दुसरा उकार, सगळं तोंडानं. आईला या वाचनातून कितीतरी कादंबऱ्या पाठ झाल्या. पान संपलं की ती आतून विचारायची, "मगे तिचा काय झाला गो?" आणि तुम्ही म्हणायचात, "आता फुडच्या आयतवारी."

तुम्ही आईचं बोलणं कधी सुधारलं नाहीत. मी एकदा विचारलं होतं, आईच्या मालवणीला तुम्ही लाल खूण का करत नाही? तुम्ही म्हणालात, "तोंडातलं ज्याचं त्याचं असतं. कागदावरचं सगळ्यांचं." मला ते तेव्हा फार पटलं. आता पटत नाही, आणि का ते पुढे सांगते.

वाचणारी म्हणून मी शहाणपणा करायचे. एका लेखकानं आपल्या गावाकडच्या म्हातारीचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं. मला वाटलं, बिचारा चुकला. मी वाचतानाच ते शुद्ध करत गेले. तुम्ही माझ्या वाचण्यावर विसंबून छापलेलं बदललंत. लेखक छापखान्यात येऊन तुमच्या नावानं काय काय बोलला ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. घरी आलात, चप्पल काढलीत आणि म्हणालात, "वाचणाऱ्यानं सुधारायचं नसतं. आहे ते वाचायचं. चूक आली म्हणून थांबायचं नाही, आवाज बदलायचा नाही. तू चूक दिसली की भुवया उडवतेस. वाचणाऱ्याला भुवया नसतात." पुढच्या रविवारी तुम्ही छापखान्यातली एक पितळी पट्टी मला आणून दिलीत, वाचताना ओळीखाली धरायला. मला वाटलं होतं खूप ओरडा बसेल. पट्टी मिळाली.

पण मूळ स्वभाव तुमचाही काही वेगळा नव्हता. इमारतीत कुणाचंही लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी आपल्या दारात यायची, पेढ्यांचा पुडा आणि कच्चा मजकूर. एकदा तळमजल्यावरच्या काकूंनी नणंदेच्या लग्नाची पत्रिका दाखवली. खाली नेहमीची लहान मुलाची ओळ होती, 'माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं बलं का!' तुम्ही त्या 'बलं'चं इमानेइतबारे 'बरं' केलंत. पत्रिका छापून आल्या आणि काकू तरातरा जिना चढून वर आल्या. "अहो प्रूफवाले, माझं पोर बोबडं बोलतं, तुमचं काय जातं हो? ह्यात तो साहेब झालाय नुसता!" अख्खा मजला हसत होता. तुम्ही सगळ्या पत्रिका वर मागवून घेतल्यात, खाली सतरंजी घातलीत आणि एकेका पत्रिकेवर बारीक टाकानं 'र' चा 'ल' करत बसलात. शुद्ध शब्द अशुद्ध करताना तुमच्या तोंडावर जे काही होतं ते मला अजून दिसतं. तुम्हाला हसू येत होतं, दादा. ते तुम्ही दाबत होतात.

माझ्या वाट्याला मात्र ते हसू कधी आलं नाही. आज सांगून टाकते. आठवीत शाळेच्या अंकात माझा निबंध छापून आला होता, आईवर लिहिलेला. तुम्ही तो उभ्यानंच वाचलात, अंक परत दिलात आणि म्हणालात, "तिसऱ्या ओळीत वेलांटी दुसरी हवी." बस्स. आईबद्दल मी काय लिहिलं होतं त्याबद्दल काही नाही. ती वेलांटी मी पुन्हा कधी चुकले नाही, आणि पुन्हा कधी निबंधही लिहिला नाही. मला राग आला होता. अजून आहे. तुमच्या माघारी इतकी वर्षं लोकांच्या चुका काढत फिरले, त्यात त्या रागाचा भाग किती आणि तुमच्या शिकवणीचा किती, याचा हिशेब मला लागत नाही.

म्हणूनच लेकीनं कागद पुढे ठेवला त्याच्या पुढच्या रविवारी मी कपाटातून ती पट्टी काढली.

जेवणं झाली होती. लेक लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी समोर बसले, तिचा कागद उलगडला आणि म्हटलं, "मी मोठ्यानं वाचते. जसं आहे तसं. मी काही सांगणार नाही, तू विचारलंस तरी नाही. तू फक्त ऐक."

"आणि तोंड वाकडं?"

"तेही नाही."

"बघू हां," ती म्हणाली. अगदी तुमच्यासारखं.

मी सुरू केलं. पहिली वेलांटी, दुसरा उकार, अनुस्वार, स्वल्पविराम. आधी ती हसून हसून लोळली. "काय रोबोटसारखी वाचतेस यार!" मग हळूहळू हसणं थांबलं. तुमच्या-माझ्या कामात कागद दोन असायचे. इथे कागद एकच होता, पण मूळ प्रत तिच्या डोक्यात होती, आणि मी वाचत होते ते त्या प्रतीशी जुळत नव्हतं. हे तिचं तिलाच ऐकू यायला लागलं.

"थांब थांब. असं लिहिलंय मी? परत वाच."

मी परत वाचलं, त्याच आवाजात.

"ई, नाही. हे हिंदीसारखं वाटतंय. आपण असं बोलतच नाही. कसं बोलतो आपण?"

"वाचणाऱ्याला विचारायचं नसतं."

"मग कुणाला विचारू, वॉचमनला?"

ती स्वतःशीच वाक्य दोनतीनदा पुटपुटली आणि तिचं तिनं बदललं. वेलांट्यांसाठी ती फोनवर शब्दकोश बघायला लागली, तेही मी न सांगता. एकदा माझ्यावर खेकसली, "तू कंटाळतेयस ना? खरं सांग." मी म्हटलं, जन्मात इतकी खूश नव्हते. ते शब्दशः खरं होतं.

मग ती ओळ आली, 'आहेर नाही भेटला तरी चालेल, तुम्ही भेटा.'

"आई, भुवई!"

"कुठे?"

"उडाली. मी बघितली. हे ते पार्सलवालं ना? मिळाला पाहिजे?" तिनं पेन हातात घेतलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि खाली ठेवलं. "राहू दे. आम्ही असंच बोलतो. मिळाला लिहिलं तर ते तू लिहिल्यासारखं वाटेल."

तेव्हा मला तुमचं ते तोंडातलं आणि कागदावरचं आठवलं. दादा, ती वाटणी मला आता इतकी पक्की वाटत नाही. कागदावरचं सगळ्यांचं असतं, मान्य. पण आधी ते कुणाच्या तरी तोंडातलं असावं लागतं, नाहीतर तयार मजकूर बाजारात मिळतोच. आईनं आयुष्यभर तुमच्याशेजारी बसून सगळी पुस्तकं ऐकली आणि एक ओळही लिहिली नाही. तिला कागदाची भीती वाटायची. ती भीती कुणाच्या लाल पेनाची होती हे तुम्ही तिला विचारलं नाहीत, मीही नाही.

पुढे कागदाच्या तळाशी आले. लहान मुलाच्या ओळीची ती जागा. घरात लहान मूल कुणी नाही, म्हणून तिनं तिथे दुसरंच काही लिहिलं होतं. आठवड्यापूर्वी वाचताना मी तिथवर पोचलेच नव्हते, चुकांनीच डोळे भरले होते. मी पट्टी खाली सरकवली आणि वाचायला लागले: 'माझे आजोबा इमारतीतल्या सगळ्यांच्या पत्रिका तपासायचे. माझी तपासायला ते नाहीत. जे चुकलं असेल ते हसून वाचा, पण लग्नाला नक्की या.'

मी मध्येच थांबले. आवाजही बदलला. तुमचे दोन्ही नियम एकदम मोडले.

"काय झालं? चूक आहे?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. पुढे वाचते."

पत्रिका छापल्या. पहिली मरोळला नेऊन दिली. मुलाच्या आजींनी ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं, अथपासून इतिपर्यंत वाचली. मध्ये दोनदा हसल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पोरीनं लिवलंय? सगला कलला गो." तुमच्या नातीचा चेहरा तेव्हा तुम्ही बघायला हवा होतात. काल सकाळी मालवणहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. पत्रिका मिळाली म्हणाला, आणि लगेच, प्रूफवाल्यांच्या घरची पत्रिका आणि हे काय, म्हणून एकेक शब्द वाचून दाखवायला लागला. तो बोलत होता ते सगळं बरोबर होतं. मी त्याला मध्येच तोडलं आणि म्हटलं, "तू लग्नाला येतोयस की नाही तेवढं सांग." माझ्या तोंडून हे निघालं यावर माझाच विश्वास बसेना. लेक पलीकडच्या खोलीतून ऐकत होती. संध्याकाळी ऑफिसातून तिचा निरोप आला, 'आई आज जेवायला ऊशिर होइल'. मराठीत. मी लिहिलं, बरं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही हे मला कळतं. कपाटात पितळी पट्टीखाली ठेवून देईन. त्याआधी एक सांगायचं राहिलं. पत्रिकेच्या तळाच्या त्या ओळींत एक चूक होती. मोठी, शाळकरी पोरालाही दिसेल अशी. लेकीला मी नाही म्हटलं आणि ती तशीच छापली गेली, सगळ्या गावानं वाचली, त्याचं मला काही वाटत नाही. पण वर तुमच्यासाठी त्या ओळी उतरवून काढताना मात्र मी ती गुपचूप सुधारून घेतली. वाचणाऱ्यानं असं करायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण तिनं तुमच्याबद्दल पहिल्यांदाच काही लिहिलं होतं, आणि त्यात तुम्हाला आधी वेलांटी दिसायला नको होती.